खाडीकडचा कोपरा

सुजे, टाकी भरली. काठोकाठ भरली आणि गळत नाहीये. हे आधी सांगून टाकते, कारण तुला कुठल्याच गोष्टीची सुरुवात ऐकायला दम निघायचा नाही. "शेवट सांग हर्षे, मग वाटलं तर मागून ये," म्हणायचीस. तर शेवट हा आहे. आता मागून येते.

तुझ्या जलदान विधीला, घाटकोपरच्या त्या हॉलमध्ये, सगळे मला उठवायला बघत होते. भंतेजींच्या गाथा झाल्या, तुझ्या आईंनी तांब्यातून वाटीत पाणी सोडलं, आणि मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उभा राहिला. ऑफिसातले बोलले, कॉलेजातले बोलले. तुझा तो मामेभाऊ नुसतं "आमची सुजाता..." म्हणाला आणि खाली बसला. मग तुझ्या भावाने माझं नाव घेतलं, "हर्षाताई, दोन शब्द." मी मान हलवली. लोकांना वाटलं, हिला भरून आलंय. भरून आलंच होतं गं, पण उठले नाही ते त्यामुळे नाही. टाकी अजून रिकामी होती यार. मी तिथे उभी राहून तुझ्या कामाचे गोडवे गायले असते आणि पुढच्या आठवड्यात ती टाकी खाडीकडच्या कोपऱ्यात चिरली असती तर? लोकांनी तुझं नाव घेऊन बोटं मोडली असती आणि जाब द्यायला तू जागेवर नसतीस. म्हणून गप्प बसले. आता बोलते, आता मला कुणाच्या बापाची भीती नाही.

आपलं काम एकाच खड्ड्यातलं, पण तू खालची आणि मी वरची. तू माती बघायचीस, मी तिच्यावर काँक्रीट उभं करायचे. पाण्याच्या टाक्या, सांडपाणी साफ करायची केंद्रं, पंपिंगच्या खोल विहिरी. अंधेरी असो नाहीतर मुलुंड, आधी तू जाऊन जमिनीत भोकं पाडायचीस आणि मग मी आकडे मांडायला बसायचे. लोक नळ सोडतात, फ्लश दाबतात आणि विसरून जातात. त्यांना असं निवांत विसरता यावं म्हणून आपण दोघी वर्षानुवर्षं भांडलो.

आणि काय भांडलो! "तुम्हा स्ट्रक्चरवाल्यांना जमीन म्हणजे ड्रॉइंगच्या तळाला मारलेली रेघ वाटते," हे तुझं ठरलेलं. "आणि तुम्हा मातीवाल्यांना टाकी म्हणजे मातीला दिलेला त्रास वाटतो," हे माझं. मीटिंगमध्ये नवीन माणूस असला की घाबरायचा. त्याला वाटायचं, या दोन बाया आता झिंज्या उपटणार. आणि आपण बाहेर पडून एकाच प्लेटमधली भजी खायचो.

तुझी ती घाणेरडी सवय मात्र मला शेवटपर्यंत पचली नाही. जमिनीतून नमुना वर आला की त्यातली चिमूटभर माती उचलायची आणि दातांखाली धरायची. कचकच लागली तर गाळ, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. जुन्या माती-इंजिनिअरांची रीत आहे, लॅबचा निकाल येईपर्यंत कोण थांबणार, असं म्हणायचीस. अगं पण डोंगरातल्या मातीचं ठीक आहे. तू देवनारच्या बाजूला, नाल्याच्या काठावर, सगळ्यांसमोर काळ्या चिखलाची चिमूट तोंडात टाकलीस! मी किंचाळले, "शी, शी, शी! सुजे, काय काय पडलंय इथे माहितीये का तुला?" तर तू जीभ फिरवत म्हणालीस, "माहितीये ना, तेच बघतेय." मग थुंकलीस आणि वहीत लिहिलंस, वाळूमिश्र गाळ. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

आईंची तर त्यावर रोजची उलटतपासणी होती. तू घरात पाय ठेवलास की स्वयंपाकघरातून सातारी आवाज यायचा, "आज खाल्लीस का माती?" तू म्हणायचीस, "जराशी." मग, "थुकलीस न्हवं?" "थुंकले गं आई." "आधी चूळ भर जा. मग च्या." आणि तू, एवढ्या मोठ्या प्रकल्पांची सल्लागार, निमूट मोरीत जाऊन गुळण्या करायचीस. मी बाहेर बसून हसायचे. मला चहा लगेच मिळायचा, कारण मी माती खात नव्हते.

आणि वाटणाचं आठवतं? आमच्या गोराईच्या आईने तुझ्यासाठी सुक्या मासळीचं वाटण पाठवलेलं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बांधून. बोरिवलीच्या बाजारात टोपली लावून बसायची ती, तिथूनच मला देऊन पाठवलं. "त्या साताऱ्याच्या पोरीला दे, लय हाडकुळी हाय," म्हणून. तू ते साइटवर नमुन्यांच्या ट्रेमध्ये ठेवलंस आणि विसरलीस. ते बाकीच्या पिशव्यांबरोबर अंधेरीच्या लॅबला गेलं. तिथे कुणी वास घेऊन बघायचं सोडून सरळ भट्टीत सुकवायला टाकलं. दुसऱ्या दिवशी अख्खा मजला नाकाला रुमाल लावून बसलेला, आणि रिपोर्ट काय आला? सेंद्रिय पदार्थ फार जास्त, पायासाठी अयोग्य. तू तो रिपोर्ट आमच्या आईला वाचून दाखवलास. आई म्हणाली, "पायासाठी कोणी सांगितलं व्हतं? कालवणासाठी दिलं व्हतं." नंतर कितीतरी दिवस एखादी साइट वाईट निघाली की तू मला फोन करून एवढंच सांगायचीस, "हर्षे, वाटण आहे."

मुलुंडच्या खाडीकाठची ही जागा तशीच होती. अस्सल वाटण. वर वर्षानुवर्षं टाकलेला राडारोडा आणि खाली मऊ काळा चिखल, खडक कुठेतरी पाताळात. तिथे सांडपाण्याची मोठी टाकी बांधायची होती. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, खांब घाला. चिखलातून खाली खडकापर्यंत काँक्रीटचे खांब, त्यावर टाकी, विषय संपला. साइट इनचार्ज गावडेही माझ्याच बाजूचे होते. आणि तू म्हणालीस, "नको."

"का नको?"

"टाकी राहील तुझ्या खांबांवर ताठ. आजूबाजूची जमीन राहील का? ती खचणारच. पाइप टाकीच्या तोंडाशीच तुटतील. मग तुझी ताठ टाकी काय पूजेला लावायचीय?"

तुझं म्हणणं, टाकीच्या जागी आधी मातीचा ढीग रचायचा, टाकीपेक्षा जड. खाली चिखलात उभ्या पट्ट्या खुपसायच्या, म्हणजे त्यांच्यातून पाणी वर निघत राहतं. जमीन जी काय खचायची ती आधीच खचून घेईल. मग ढीग काढायचा आणि टाकी बांधायची. "जमीन खचणार हे आपल्या हातात नाही," तू म्हणालीस. "कधी खचायचं ते आपण ठरवू." मी म्हटलं, आणि एका कोपऱ्यात जास्त खचली तर? खाडीकडच्या कोपऱ्यात चिखल सगळ्यात खोल आहे, तुझ्याच रिपोर्टमध्ये आहे. टाकी वाकडी होईल, चिरेल, वाट लागेल. तू म्हणालीस, "तिथे पट्ट्या जास्त घालते. आणि तू भिंतीच्या सांध्यांना जरा हलायला जागा ठेव. सगळं ताठच असलं पाहिजे असं नसतं गं."

तू जिंकलीस. मी सही केली, कुरकुरत केली. ढीग उभा राहिला, लोक त्याला सुजाताचा डोंगर म्हणायला लागले. एक अख्खा पावसाळा तो तसाच होता. गावडे चिडायचे, काम थांबलंय म्हणून. तू दर आठवड्याला छत्री घेऊन त्याच्यावर चढायचीस आणि खाली उतरून म्हणायचीस, "खचतोय, छान खचतोय." आजारी माणसाला भूक लागली की घरचे बोलतात ना, तशा कौतुकाने.

मग ढीग निघाला, टाकीच्या भिंती वर आल्या, आणि तुझं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. निदान झालं तेव्हाच डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं, दिवस थोडे आहेत. एक गोष्ट तुला सांगितली नाही मी. तू आत तपासणीला गेलेलीस तेव्हा मी त्या डॉक्टरबाईंना गाठलं आणि विचारलं, ही आयुष्यभर जिथून तिथून माती तोंडात घालत आलीये, त्याने तर नाही ना झालं? त्या आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, "नाही हो, त्याचा काही संबंध नाही." मी तिथेच बाकड्यावर बसले. वाईट बातमीच्या दिवशी कुणाला एवढं हायसं वाटतं का? मला वाटलं. तुझं काम तुझ्या जिवावर उठलं नव्हतं, एवढं तरी.

शेवटी शेवटी तू फार बोलत नव्हतीस. मी यायचे, सफरचंद कापायचे, तू खायची नाहीस, मी खायचे. त्या दिवशी तू अचानक डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "हर्षे, खाडीकडचा कोपरा जरा बघ." मी विचारलं, "बघू म्हणजे? काय बघू? तुला शंका आहे का?" तू डोळे मिटून घेतलेस. मी हलवून उठवणार होते, खरंच सांगते, पण नर्स आली. ते आपलं शेवटचं बोलणं. प्रेमाचं काही नाही, निरोपाचं काही नाही. कोपरा बघ. तुझ्या दुखण्यातून तू सुटलीस तेव्हा मला रडू आलं आणि बरंही वाटलं, फार हाल झाले होते तुझे. पण तो कोपरा माझ्या मानेवर येऊन बसला. तुला शेवटी शंका आली होती का गं? की नेहमीसारखा हुकूम सोडला होतास?

म्हणून टाकीत पाणी सोडायला सुरुवात झाली तेव्हापासून मी तिथेच तळ ठोकला. अशा टाकीत सांडपाणी सोडण्याआधी साधं पाणी भरून बघतात, टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्याला थांबायचं, चारी कोपरे किती खाली गेले ते मोजणीच्या दुर्बिणीतून वाचायचं, मग पुढे. कोपरे खाली जात होते, तू म्हणालेलीस तसेच, हळू आणि चारही बरोबरीने. टाकी भरली. आता नुसतं थांबायचं होतं, पाणी उतरतं का ते बघत. मी घरी बोरिवलीला जाऊन आंघोळ करून झोपले.

आणि दुसऱ्या दिवशी गावडेंचा फोन. "मॅडम, या. पाणी दिसतंय बाहेर."

"कुठल्या बाजूला?"

"खाडीकडच्या कोपऱ्यात."

मी कशी पोचले मला माहीत नाही. टाकीभोवतीचा खड्डा अजून बुजवला नव्हता, भिंती बाहेरून दिसाव्यात म्हणून मोकळाच ठेवलेला. त्या खड्ड्यात, बरोब्बर त्या कोपऱ्याच्या पायथ्याशी, पाणी साचलेलं. माझ्या डोळ्यांदेखत वाढत होतं. भर दुपारचं ऊन. वर काठावर माणसं जमलेली. गावडे वाईट माणूस नाही, तुलाही माहितीये. घाबरलेला होता. पण घाबरून जे बोलायचं ते बोललाच. "मॅडम, तुम्ही तर पहिल्यापासून सांगत होता. खांब हवे होते. आता सुजातामॅडम तर नाहीत, त्यांच्या सल्ल्याने केलं असंच लिहून टाकू. तुमच्यावर काही येणार नाही."

सुजे, मी बरोबर ठरत होते. आयुष्यभर तुझ्यासमोर एकदा तरी बरोबर ठरावं म्हणून जीव काढला, आणि आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, होय म्हणा मॅडम. मला ते नको होतं. मला तुझ्यासारखी चुकणारी माणसं चालतात, बरोबर ठरून तुला मातीत घालायचं नव्हतं. मी गावडेंना म्हटलं, "तोंड बंद ठेवा जरा," आणि शिडीवरून खाली उतरले.

खाली गेल्यावर काय करायचं ते माझंच ठरलेलं नव्हतं. भिंतीवर हात फिरवला, कोरडी. सांध्यावर फिरवला, कोरडा. पाणी पायाखाली, बुटात शिरलेलं. आणि मग माझा हात आपोआप खाली गेला. बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. हो, मी! मी, जिने तुला शी शी म्हणून आयुष्य काढलं.

खारट. चांगलंच खारट, आणि मागून ती खाडीची कुजकट चव. टाकीत तर नळासारखं गोडं पाणी भरलं होतं. मी परत बोट बुडवलं, परत चाखलं. खारटच. मी थुंकले आणि हसायला लागले. वरून गावडे ओरडतायत, "मॅडम, काय झालं? मॅडम!" त्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं.

"गावडे, काल पौर्णिमा होती का?"

"आँ?"

"उधाण आहे आज, उधाण! तुम्ही खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप बंद केलात का?"

केला होता. टाकी भरली, आता कशाला डिझेल जाळा म्हणून. त्यांचंही चुकलं नव्हतं. खाडीला दुपारचं उधाण आलेलं, जमिनीतून पाणी वर चढलं आणि सगळ्यात खोल खड्डा मिळाला तिथे येऊन बसलं. मी कोळ्याची पोर, आमच्या घरात कॅलेंडर बघतात ते तिथीसाठी, आणि अख्ख्या रस्त्यात माझ्या डोक्यात भरती आली नाही! तू असतीस तर सोलून काढलं असतंस मला.

गावडेंना म्हटलं, ओहोटीपर्यंत कोणी काही लिहायचं नाही. बसलो तिथेच, वडापाव खाल्ले. टाकीच्या आत भिंतीवर पाण्याची खूण केलेली, ती जिथल्या तिथे. ऊन कलायला लागलं तसं खड्ड्यातलं पाणी उतरायला लागलं. संध्याकाळी कोपऱ्यात नुसता ओला चिखल. मग खारेपणा मोजायचं यंत्र आलं, त्याने माझ्या जिभेचंच म्हणणं सांगितलं. गावडेंनी यंत्र पुसून खोक्यात ठेवलं. नंतर म्हणाले, "सुजातामॅडम असत्या तर हसल्या असत्या मला." मी म्हटलं, "तुम्हाला एकट्याला नाही."

झकास टाकी आहे गं तुझी. आपली. तरी सांगते, खांब असते तर मला एवढे दिवस झोप लागली असती. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. आणि त्या कोपऱ्याचं तुला काय म्हणायचं होतं, शंका, हुकूम की हे उधाण, ते मला आजही कळलेलं नाही. असू दे. तू सांगितलंस, मी बघितला.

परत येताना घाटकोपरला उतरले. आईंना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मला सांगायचं होतं. त्या पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. तुझ्या फोटोला ताजं फूल होतं. मी म्हटलं, "आई, सुजाताची टाकी भरली. काही झालं नाही तिला." त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, पाणी, गावडे, खड्डा. बोट तोंडात घातल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी झटकन वर बघितलं.

"थुकलीस न्हवं?"

"थुंकले, आई."

"मग बसलीस काय? आधी चूळ भर जा. मग च्या."

मी मोरीत गेले आणि नळ सोडला.